मामांचा बंब आणि साडेसात टन

हळदीला भाव बरा आला की वसमत तालुक्यातल्या माणसाला दोनच गोष्टी सुचतात. घरावर मजला चढवावा, नाही तर दारात गाडी उभी करावी. मामांच्या घराचा पाया आणखी मजला पेलणार नाही, असं गवंड्यानं पूर्वीच सांगून ठेवलं होतं. राहिली गाडी. पण मामांना बोलेरो नको होती, स्कॉर्पिओही नको होती. "त्या काय, कुणाकडं बी हायत." मामांना बंब हवा होता. आगीचा. लाल रंगाचा, वर शिडी, बाजूला पितळी घंटा आणि पोटात साडेचार हजार लिटर पाणी असलेला.

झालं असं की एका साखर कारखान्यानं जुन्या सामानाचा लिलाव काढला. मोडक्या खुर्च्या, गंजकी कपाटं, बंद पडलेला वजनकाटा आणि या सगळ्यांच्या खाली 'अग्निशमन वाहन, एक नग'. तळाला टीप होती, सर्व साहित्य 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर विकले जाईल. मामींनी ती टीप वाचली, मामांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मला बी हे असेच मिळाले होते."

बंब कशासाठी, याचं कारण मामा समोरचा माणूस बघून सांगत. शेतकऱ्याला सांगत, सोयाबीनच्या गंज्या पेटतात, उसाचं पाचट पेटतं, तालुक्याहून गाडी येईस्तोवर मोजायला राखच उरते. सरपंचांना सांगत, उन्हाळ्यात गावाला टँकर होईल. मामींना सांगत, हळद शिजवायला पाणी शेतात आपोआप येईल. खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं. लहानपणी हिंगोलीचा दसरा बघायला गेले असताना त्यांना मैदानाच्या कडेला एक बंब उभा दिसला होता. रावणापेक्षा त्याच्याभोवतीच जास्त पोरं जमली होती.

"तू पेपरात लिहितोस. तुला कायदा कळत असंल. मला फक्त एवढं सांग, बंब चालवायला लायसन कोणतं लागतं?"

पेपरात लिहिणाऱ्याला कायदा कळतो, हा समज पेपरात लिहिणाऱ्यांनीच पसरवलेला असल्यामुळे मला नाही म्हणता येईना. मी मोटार वाहन कायदा, १९८८ उघडला. वाहनांच्या बाबतीत माझी पात्रता अशी की माझ्याकडं चारचाकीचं लायसन आहे, चारचाकीही आहे, पण ती मागे घ्यायची वेळ आली की मी शेजारच्यांच्या मुलाला हाक मारतो.

कायद्याच्या दुसऱ्या कलमात नुसत्या व्याख्या आहेत. त्यात 'हलके मोटार वाहन' म्हणून एक प्रकार आहे. साडेसात हजार किलोपर्यंतचं सगळं कायद्याच्या लेखी हलकं. या हलक्यांच्या यादीत मोटारकार आहे, ट्रॅक्टर आहे आणि चक्क रोडरोलरही आहे. रोडरोलर बघून ज्या माणसाला 'हलकं' हा शब्द सुचला, त्याला एकदा भेटून त्याच्या घरी जड काय काय आहे ते बघायची माझी फार इच्छा आहे.

मी मामांना फोन केला. "मामा, तुमच्या बंबाचं वजन किती?"

"पाण्यासकट का पाण्याबिगर?"

इथून जो गोंधळ सुरू झाला तो गावातल्या चहाच्या टपरीवर बरेच दिवस पुरला. मामांनी चेसिसवरच्या पट्टीचा फोटो मागवला होता. भरलेल्या गाडीचं वजन सोळा टनांच्या घरात. मामांचा हिशोब सरळ होता. साडेचार हजार लिटर पाणी म्हणजे साडेचार टन. पाणी सोडून दिलं की राहिले साडेअकरा. टपरीवरच्या मंडळींनी मग बंब हलका करायला घेतला. एकानं शिडी काढली. दुसऱ्यानं पाइपांची भेंडोळी काढली. तिसऱ्यानं पंप काढला आणि तो आपल्या विहिरीवर बसवायची तयारीही दाखवली. तरी आकडा साडेसातावर येईना. तेव्हा कोपऱ्यात बसलेला एक पोरगा म्हणाला, "इंजिन काढलं तर?"

"मग चालवायचं काय?"

"मग लायसनच लागत न्हाई."

इतका निर्दोष कायदेशीर सल्ला त्या टपरीवर ना आधी कुणी दिला होता, ना नंतर कुणी दिला.

मी समजावलं की असल्या गाडीचं वजन ती त्या दिवशी रिकामी आहे की भरलेली यावर ठरत नाही. कागदावर जास्तीत जास्त जेवढं वजन मंजूर आहे तेवढं धरतात. मामांना हे अजिबात पटलं नाही. "म्हंजे मी उपाशी असलो तरी कागदावर जेवलेलाच?" बरोबर तसंच, मी म्हटलं.

तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर सुप्रीम कोर्ट आलं. 'साध्या लायसनवर आता सर्व गाड्या चालवता येणार, सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल', खाली हात जोडलेले आणि तिरंगा. मामांनी मला तो संदेश पाठवला, मामांच्या मुलानं पाठवला, आणि ज्यांचा बंबाशी काडीचा संबंध नव्हता अशा नातेवाइकांनीही पाठवला. निकाल खरा होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो दिला. फक्त संदेश लिहिणाऱ्यानं एक किरकोळ तपशील गाळला होता. साध्या लायसनवर मालवाहू गाडी चालते, पण साडेसात हजार किलोपर्यंतचीच. एवढं मोठं न्यायालय बसूनही ते साडेसात टन जागचे हलले नव्हते.

"पण मला कुठं भाडं मारायचंय?" मामा म्हणाले. "घरचा बंब. घरगुती."

घरगुती बंब! मी पुन्हा कागदांत डोकं घातलं. केंद्र सरकारची २००४ सालची एक अधिसूचना आहे. कोणती गाडी 'परिवहन' आणि कोणती बिगर-परिवहन याची तिच्यात यादी आहे. अग्निशमनाच्या गाड्या परिवहनात येतात. सोबतीला रुग्णवाहिका, जनावरांची रुग्णवाहिका, बँकेची रोकड नेणारी गाडी, फिरतं वाचनालय आणि शववाहिका. माणसावर, म्हशीवर, पैशावर आणि पुस्तकावर जे जे संकट येऊ शकतं त्याची सगळी सोय एका यादीत. तुम्ही त्या गाडीतून भाडं मारता की घरची हळद भिजवता, याच्याशी यादीला देणंघेणं नाही. बंब तो बंबच. थोडक्यात, मामांना परिवहन वाहनाचं लायसन काढणं भाग होतं. गावात त्याला सरळ 'हेवी' म्हणतात.

"हेवी तर हेवी. वयाची अट?"

"वीस वर्षं पूर्ण पाहिजेत."

"बसते," मामा म्हणाले. ते अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. "शिक्षण?"

इथं मी जरा थांबलो. मामांची शाळा सातवीत सुटलेली. हेवीला पूर्वी आठवी पास लागायची. पण २०१९ साली सरकारनं ती अट काढून टाकली. हे सांगताच मामांच्या आवाजात जो आनंद भरला तो हळदीच्या भावानंही आणला नव्हता. पन्नास वर्षांनी का होईना, सरकारनं त्यांना आठवी माफ केली होती.

"आता तुमचं चालू लायसन घेऊन बसा," मी म्हटलं. "साधं चारचाकीचं लायसन एक वर्ष जुनं असेल, तरच हेवीचं शिकाऊ लायसन मिळतं."

पलीकडं शांतता. मग मामींचा आवाज, "पेटीत बघा, लग्नाच्या पत्रिकेखाली." मग पुन्हा शांतता.

सापडलेलं लायसन परभणीचं होतं. कारण ते काढलं तेव्हा हिंगोली जिल्हाच नव्हता. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळी झाली, एमएच २२ जाऊन एमएच ३८ आलं, पाटबंधाऱ्यापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांच्या पाट्या बदलल्या. मामांच्या पेटीत मात्र अविभाजित परभणी जिल्हा अजून नांदत होता. त्याहून मोठी गोष्ट पुढं होती. ते लायसन मोटारसायकलचं होतं, आणि तेही केव्हाच संपलेलं. म्हणजे गेली कित्येक वर्षं मामा ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहत होते तो निव्वळ आत्मविश्वासावर.

"पण आजवर कुणी इचारलं न्हाई ना."

"बंब बघून विचारतील, मामा. लांबून दिसतो तो."

आता मार्ग असा ठरला. आधी चारचाकीचं शिकाऊ. चाळिशी उलटल्यामुळे डॉक्टरांचा दाखला. महिन्याभरानं चाचणी, मग पक्कं. मग एक वर्ष नुसतं थांबायचं. मग हेवीचं शिकाऊ, मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, पुन्हा चाचणी. आणि एवढं करून ते पाच वर्षांनी नवं करायचं. मामांनी बोटं मोजली. "एवढ्यात तर पोरगं इंजिनिअर होतंय." मामांचा मुलगा ज्या गतीनं इंजिनिअर होतोय ती बघता हेवी आधी हातात पडलं असतं, पण मी बोललो नाही.

एजंट नावाच्या सद्गृहस्थांनी मध्येच मामांना गाठलं. सगळं 'आतून' करून देतो म्हणाले. मामांनी विचारलं, "वर्ष बी आतून करून देता का?" त्यावर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

लायसनचा नाद थोडा मंदावल्यावर सायरनचा सुरू झाला. मामांचं खरं स्वप्न हिंगोली-नांदेड रस्त्यावर होतं. मागून सायरन वाजतोय, पुढचे ट्रक, टेम्पो, ऊसगाड्या आणि मामांशी बोलणं टाकलेले एक व्याही, सगळे भराभर बाजूला होताहेत. आणीबाणीच्या गाडीला वाट दिली नाही तर दहा हजार रुपये दंड, हे २०१९ च्या दुरुस्तीत आलंय, एवढं मामांना तोंडपाठ होतं. बाकीचा कायदा माझ्याकडं, हे एक कलम त्यांच्याकडं.

मी नियम वाचून दाखवले. अनेक सुरांचा भोंगा कुणालाही लावता येत नाही. सूट आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांसारख्यांना. लाल-निळे चमकते दिवे आणीबाणीच्या कामावरच्या गाड्यांनाच. लाल दिवा तर १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही टपावरून उतरला.

"मंत्र्याचा उतरला?"

"उतरला."

"मग बरोबर हाय," मामा म्हणाले. दिव्यावरचा त्यांचा हक्क त्यांनी जागच्या जागी सोडून दिला. दुसऱ्याचंही गेलं की आपल्या माणसाला त्याग फार सोपा जातो.

"मग कलर तरी लाल ठेवता येतो का?"

रंगाचा नियम शोधला तर तो भलत्याच रंगाचा निघाला. लष्कराच्या गाड्यांचा ऑलिव्ह ग्रीन इतरांनी द्यायचा नाही, एवढंच त्यात आहे. लालबद्दल चकार शब्द नाही. चर्चेत पहिल्यांदाच मामांच्या बाजूनं काही लागलं. टपरीवर त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. हिंगोलीच्या राज्य राखीव दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथं नेमके बसले होते. ते म्हणाले, "आम्ही कुठं हिरवा मागितलाय?" आणि उगाचच जरा दुखावले.

मधल्या काळात कुणीतरी सुचवलं की कारखान्याचा कशाला, नगरपालिकेचा जुना बंब बघा, तो पळालेला कमी असतो. तिथंही कायदा आधीच जाऊन बसला होता. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि नगरपालिकांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणीच संपते, आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच तोडायच्या असतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आगी विझवलेल्या गाडीला निवृत्तीनंतर शेतावर जाऊन राहायची मुभा नाही. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. कारखान्याचा बंब या तावडीतून सुटला होता, म्हणून त्याचं मोल मात्र एकदम वाढलं.

लिलावात मामांसमोर नांदेडचा एक भंगारवाला होता. भंगारवाला किलोनं विचार करत होता, मामा काळजानं. मामा जिंकले. किती रकमेला, हे मामींना अजून खरं कळलेलं नाही आणि मी इथं छापणार नाही.

आता आणायचा कसा? नोंदणी आणि फिटनेस दोन्हींची मुदत संपलेली. मामा म्हणाले, "ट्रॅक्टरला बांधून वढत आणू. इंजिन बंद म्हंजे गाडी चालवली असं होतच न्हाई. मी नुसता स्टेअरिंगवर हात ठिवतो."

कायदा करणारे लोक वसमत तालुक्यात राहून गेले असावेत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्या कलमातल्या 'चालक' या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की ओढून नेल्या जाणाऱ्या वाहनाचं स्टेअरिंग सांभाळणारा माणूस हाही चालकच. १९८८ साली दिल्लीत बसून कुणीतरी आमच्या मामांना स्टेअरिंगवर हात ठेवलेलं पाहिलं होतं.

शेवटी बंब ट्रेलरवर बसून आला. ट्रेलरचं भाडं बंबाच्या किमतीच्या बरंच जवळ गेलं. पण आला तो थाटात. गावची पोरं एक किलोमीटर मागं धावली. मामींनी ओवाळलं. आणि ओवाळता ओवाळता घंटा मारुतीच्या देवळाला द्यायची असं सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं. देवाचं नाव निघाल्यावर मामांना तोंड उघडता येईना. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरकाकांनी दोन दिवस खपून इंजिन चालू केलं. पहिल्या झटक्यात जो आवाज आणि धूर निघाला, त्यानं गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा होतेय. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं आदळली की त्याचा सूक्ष्म थरकाप ती टिपणार आहे. ती सुरू झाल्यावर मामांनी बंब चालू केला, तर जगभरच्या शास्त्रज्ञांचा एक आठवडा फुकट जाईल असं मला वाटतं.

एवढं सगळं होऊन बंब उभाच होता. मामा रोज त्याला फडकं मारत आणि माझ्याकडं बघत. शेवटी माझं मलाच राहवेना, म्हणून मी कायदा पुन्हा पहिल्यापासून वाचला. तिसरं कलम. लायसनशिवाय वाहन चालवायचं नाही, कुठं? 'सार्वजनिक ठिकाणी'.

"मामा," मी म्हटलं, "स्वतःच्या शेतात चालवलात तर हे कलम तुम्हाला आडवं येत नाही."

मामांनी मला मिठी मारली. मी आयुष्यात कुणाला एवढा उपयोगी पडलो नव्हतो.

त्या दिवसापासून मोकळ्या रानात विहिरीपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून विहिरीपर्यंत बंब फिरू लागला. टपावर पोरं, शेजारी ड्रायव्हरकाका, स्टेअरिंगवर मामा. पाण्याच्या फवाऱ्यानं तुरी झोपल्या, दोन शेळ्या आणि एक ग्रामसेवक भिजले. कुठं आग लागली नव्हती, हीच काय ती उणीव. पण माणसाला विहीर-गोठा फार दिवस पुरत नाही. मामांची जमीन दोन तुकड्यांत आहे, आणि मधून पांदण रस्ता जातो. सरकारी. बैलगाडी जेमतेम जाईल एवढा. अलीकडं मामांचं शेत, तिथं लायसन नको. पलीकडं मामांचंच शेत, तिथंही नको. मधल्या त्या चिखलाच्या पट्ट्यावर मात्र हेवी लायसन, विमा, फिटनेस, सगळं हजर पाहिजे. मामा बांधावर बंब नेऊन उभा करत आणि पलीकडच्या स्वतःच्याच हळदीकडं बघत बसत.

"उडी मारता येईल का रे?" त्यांनी एकदा विचारलं. सोळा टनांचा बंब! मला कायद्यात त्याबद्दल काही सापडलं नाही.

तोडगा मामींनी काढला. अलीकडं, मामांच्या शेताला लागून, चुलतभावाचं रान आहे. ते मामांनी घ्यावं आणि पांदणीपलीकडचा आपला तुकडा त्याला द्यावा, म्हणजे सगळी जमीन एका बाजूला. अडचण एकच होती. या भावकीत बांधावरून बोलाचाली बंद होती, आणि तो वाद मोटार वाहन कायद्यापेक्षा जुना आहे. वडीलधाऱ्यांनी सांगून पाहिलं होतं, तंटामुक्ती समितीनं पाहिलं होतं, नरसी नामदेवला नेऊन शपथा घालून झाल्या होत्या. मामा तरीही गेले. बंबासाठी गेले. बांधासाठी ते कधीच गेले नसते.

संध्याकाळी मामांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"तयार झाला रे! मोजणी बी नको म्हनला. फक्त एकच अट घातलीय त्यानं."

"कोणती?"

"पुढल्या महिन्यात त्याच्या पोराचं लग्न हाय. नवरदेव बंबावर बसून मारुतीला गेला पाहिजे म्हनतो. वेशीपासून. डांबरी रस्त्यानं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू जरा बघ की. तुझ्या त्या कायद्यात वरातीचं काय लिहिलंय का?"